तोंड मिटून हसणारं गाव

आमच्या गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान आहे आणि कमानीवर तीन पाट्या आहेत. हागणदारीमुक्त गाव. तंटामुक्त गाव. खर्रामुक्त गाव. चौथ्या पाटीपुरती जागा नानांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. कशापासून मुक्त व्हायचं ते पुढं ठरवू, म्हणाले. उजव्या खांबावर खराटा घेतलेले गाडगेबाबा रंगवलेत. पेंटर तालुक्याचा. त्यानं बाबांच्या डोक्यावरचं गाडगं जरा मोठंच काढलंय, पण ओळखू येतात.

गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेपासून दोन-अडीच कोसांवर. नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी या गावाचा जलसुरक्षक. शब्द मोठा आहे. काम म्हणजे रोज सकाळी टाकीत टीसीएल पावडरचं द्रावण सोडायचं आणि मग नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटी टेस्ट करायची. ओटीचे दोन-चार थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, पाणी प्यायला हरकत नाही. नाही झालं तर पावडर कमी पडली. वहीत लिहायचं, खाली सही. वीस-बावीस वर्षं हेच केलं. पिवळा रंग दिसला की मला बरं वाटतं, हे लक्षात ठेवा.

2000 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि आमच्या गावाला जणू वारं लागलं. नाना तेव्हा सरपंच. पहाटे पाचला स्वतः खराटा घेऊन चावडीपुढं उभे. उकिरडे गावाबाहेर गेले, सांडपाण्याला शोषखड्डे झाले, भिंतींवर सुविचार आले. सुविचार एवढे झाले की लोक पत्तासुद्धा त्यावरून सांगू लागले, 'सत्यमेव जयतेच्या बाजूचं घर'. नानांनी एका पैशाचा घोळ केला नाही. हे मी आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की गोष्टीत एखादा खलनायक असला पाहिजे. नाही.

तपासणी समिती आली तो दिवस मला आठवतो. मोठे साहेब चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या गावची माणसं फार शालीन आहेत. कुणी मोठ्यानं हसत नाही, आरडाओरडा नाही. बायका बोलतानाही पदर तोंडाशी धरतात. हे संस्कार आता कुठं राहिलेत?" आम्ही सगळे हसलो. तोंड मिटून. मग फोटो झाला. फोटोग्राफर "हसा की जरा" म्हणून थकला. वरच्या कोलाम पोडावरचं एक पोरगं मात्र पुढं येऊन सगळे दात काढून हसत उभं राहिलं. त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो फोटो अजून ग्रामपंचायतीत टांगलेला आहे. छत्तीस माणसं, आणि दात एकाचाही दिसत नाही.

आमच्या गावात म्हाताऱ्यांचे दात पांढरे आणि पोरांचे पिवळे. हे उलटं आहे हे कळायला बाहेरचा माणूस लागत नाही. माझ्या आजीचे जे चार दात उरले होते ते कवडीसारखे होते. माझे खडूवर पाणी पडल्यासारखे डागाळलेले, आणि माझ्या मागून जन्मलेल्यांच्या दातांवर तर सरळ तपकिरी आडव्या रेघा. गावानं याचं उत्तर शोधलं होतं: खर्रा. पोट्टे खर्रा खातात म्हणून दात जातात. मग खर्राबंदी झाली, पानठेला उठला, शाळेत ब्रश वाटले, पाटी लागली. आठ वर्षांच्या पोरींनी खर्रा कधी खाल्ला, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही उत्तर तयार होतं. उष्णता.

गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातलेच. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव. दिवसा ते गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात उभे राहून लोकांना प्रश्न विचारायचे, एकामागून एक, समोरच्याला उत्तर देता देता घाम फुटेपर्यंत. आमच्या गावानं बाबांचं झाडणं घेतलं आणि विचारणं खांबावर रंगवून ठेवलं.

आता पाण्याची गोष्ट.

माझ्या लहानपणी सगळं गाव चावडीमागच्या विहिरीचं पाणी पीत असे. विहीर पायऱ्यांची. बायका गुडघाभर पाण्यात उतरून गुंड भरायच्या. त्या पाण्यानं गावाला नारू दिला. माझ्या आजोबांच्या पिंडरीतून निघालेला पांढरा दोरा मी पाहिलाय. आजी तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायची, तुटू नये म्हणून श्वास धरून. मग ऐंशीच्या दशकात बोरिंगची गाडी आली. तीन दिवस गाव झोपलं नाही. दांडा हापसला की खालून स्वच्छ, थंड पाणी यायचं, त्यात ना बेडूक ना पाला. नारू गेला. 2000 साली तर सगळा देशच नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. हगवण कमी झाली. लोकांनी बोरिंगला हळदकुंकू वाहिलं, आणि त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

फक्त एक झालं. आमच्या भागात दख्खनचा काळा पाषाण संपत येतो आणि खाली त्याहून जुना, वेगळ्या जातीचा दगड लागतो. विहीर वरच्या थराचं पाणी प्यायची. बोरिंग त्या खालच्या दगडाच्या भेगांतलं, वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी ओढतं. नळाच्या टाकीतही तेच चढतं. दगडात फ्लोराईड असलं की ते पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीसीएलनं ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं.

हे मला कळलं ते अभियानाच्या बक्षिसानंतर तीन-चार वर्षांनी. पाण्याचे जंतूंचे नमुने आमच्या गावचे नेहमी पास. गावाला हिरवं कार्ड असायचं. पाण्याच्या जागेभोवती घाण नाही, पावडर वेळेवर पडते, म्हणून हिरवं. लागोपाठ पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही की चंदेरी कार्ड मिळतं. तेही पुढं मिळालं. पण रासायनिक तपासणीची बाटली वेगळी असते. ती घेऊन मी जिल्ह्याला गेलो होतो. तिथले साहेब निवृत्तीला आलेले, बोलके. म्हणाले, थांब, तुला किटवरच करून दाखवतो. त्यांनी आमच्या पाण्यात गुलाबी औषध टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी रंग उतरला आणि पाणी पिवळं झालं.

मी सवयीनं हसलो. साहेब हसले नाहीत.

"एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं," ते म्हणाले. "दुसरी सोयच नसेल तर दीड. तुमचं तीनच्या वर आहे." मग त्यांनी विचारलं, गावात माना आखडलेली माणसं आहेत का? सकाळी उठताना कंबर धरते का? पोरांचे गुडघे आत वळलेत का? मी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेलो आणि माझ्या डोळ्यांपुढून एकेक घर जात होतं. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "घरात लहान लेकरू आहे?" होतं. माझी पोरगी अकरा महिन्यांची होती. "पक्के दात जबड्यात तयार होतात ते आठेक वर्षांपर्यंत. तोवर तिला दुसरीकडचं पाणी पाज. आणि उकळून काही होत नाही बरं. उकळलं की पाणी उडतं, फ्लोराईड तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

त्या रात्री आम्ही तिघं बसलो. मी, ग्रामसेवक आणि नाना. नानांनी कागद कंदिलाजवळ नेऊन दोनदा वाचला. नानांची मान तेव्हाच वळायची बंद झाली होती. बाजूला पाहायचं तर अख्खा माणूस फिरवावा लागे. लोक म्हणायचे, नाना म्हणजे ताठ मानेचा माणूस, कुणापुढं वाकला नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला की सगळे वर पाहायचे आणि नाना समोर पाहायचे. त्यातही लोकांना करारीपणा दिसायचा.

"पानी कोनं नासवलं सांग बरं?" नाना म्हणाले. "कोनंच नाही. मंग बोंब कोनाच्या नावानं मारतं?"

मी म्हटलं, बोंब नाही, निदान लोकांना सांगावं.

"गावात सव्वीस पोरी लग्नाच्या हायेत. म्या मोजल्या. तुह्या कागदावरचा हा आकडा बाहेर गेला तं त्याईले कोन करून नेईल? आन् आपल्या पोट्ट्याईले पोरगी कोन देईल? हाडं वाकते त्या गावात कोनता बाप पोरगी लोटते? गाव नासाले पानी नाही लागत लेका, नाव लागते."

मी उत्तर शोधत होतो. सापडलं नाही, कारण त्या सव्वीस पोरींपैकी एक माझी बहीण होती.

"आपन सरकारले नळयोजना मांगू. नदीचं पानी आनू. फक्त कारण लिवू नोको."

अर्ज गेला. कारण लिहिलं, 'पाणी अपुरे'. वर्षभरानं उत्तर आलं की नोंदीनुसार गावाचे तिन्ही स्रोत पुरेसे आहेत, सबब योजना मंजूर करता येत नाही. ज्या गावांचं पाणी दूषित म्हणून नोंदलेलं असतं त्यांची यादी वेगळी असते आणि तिला आधी पैसे मिळतात. आमच्या मागच्या बाजूचं एक गाव त्या यादीतून नळाचं पाणी पिऊ लागलं. आमच्या गावाकडं चंदेरी कार्ड होतं.

आणि मी काय केलं? पोरगी साडूकडं ठेवली, वर्ध्याला. गावात सांगितलं, तिच्या मावशीला लेकरू नाही, जीव लागलाय. आठ वर्षं ठेवली.

*

अभियानात चावडीमागच्या विहिरीवर स्लॅब पडला होता. मध्ये गाळ काढायला लोखंडी झाकण. विहीर मेली असं धरूनच गाव चालत होतं. पोरांना तिचं नावही माहीत नव्हतं. एक दिवस पावडरचा डबा ठेवायला तिकडं गेलो आणि झाकणाच्या कडेला सिमेंटवर ओरखडे दिसले. दोराचे. ताजे. शेजारी ओलं.

त्या रात्री मी चावडीच्या आडोशाला जाऊन बसलो. चोर कोण ते बघायचं होतं.

तीनच्या सुमाराला नानांची बायको आली. एकटी, हातात दोर-बादली, कळशी लुगड्याखाली. झाकण सरकवलं, दोन बादल्या काढल्या, झाकण लावलं, पदरानं कडा पुसली. गेली. अर्ध्या तासानं पाटलाघरची सून. तिनंही कडा पुसली. मग शिक्षकांची बायको, जी शाळेत ब्रश वाटायला पुढं होती. प्रत्येकीची वेळ वेगळी, प्रत्येकीचा दोर वेगळा. एकीला दुसरीचा पत्ता नव्हता, किंवा होता आणि नव्हता. कुणाला नागपूरच्या डॉक्टरानं सांगितलं असेल, कुणाला शहरातल्या जावयानं. नानांच्या कमरेचा एक्स-रे निघाला तेव्हा नानांच्या बायकोनं ऐकलं असेल. जिला कळलं तिनं आपल्या घरातल्या लहानग्यापुरतं पाणी आणलं आणि कडा पुसली.

चौथी आली ती बाई मला चालीवरून ओळखू आली. ती माझी बायको होती. आमचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता.

मी घरी आलो तेव्हा ती झोपल्यासारखी पडली होती. मीही पडलो. आजतागायत आम्ही त्यावर बोललो नाही. मी एवढंच केलं की दुसऱ्या रात्री, पहिली बाई यायच्या आधी, विहिरीत मापानं टीसीएल टाकलं. नारू पुन्हा नको. मग दर आठवड्याला टाकत गेलो. वहीत लिहिलं नाही. आणि एप्रिल-ऑक्टोबरच्या सर्वेक्षणात त्या विहिरीपुढं 'वापरात नाही' अशी नोंद करत राहिलो.

पाणी होळीपर्यंत पुरायचं. पुढं गाळ.

तुम्ही म्हणाल, चला, निदान लेकरं तरी वाचत होती. कुणाची, ते विचारा. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर कोलामांचं पोड आहे, बावीस घरांचं. ग्रामपंचायत एक, मतदारयादी एक, पण कमान लागते ती पोड सोडून. त्यांच्या बायका खालच्या बोरिंगवर येतात. त्यांना नागपूरचा डॉक्टर नाही, वर्ध्याचा साडू नाही, चावडीमागं रात्री तीनला यायची छाती नाही. आल्या असत्या तर चोर म्हणून धरल्या असत्या, आणि कदाचित मीच धरल्या असत्या.

फोटोतून बाजूला केलेलं ते पोरगं तिथलं. बकऱ्या राखायचं. दरवर्षी त्याचे गुडघे एकमेकांजवळ सरकत गेले आणि पावलं लांब जात गेली. पळताना गुडघ्यावर गुडघा घासायचा. तरी तोंड भरून हसायचं. आमच्या गावात उघड्या तोंडानं हसणारी तेवढीच पोरं, पोडावरची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की मिटायचं असतं.

15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. नाना समितीचे अध्यक्ष आणि मी अक्षर बरं म्हणून लिहायला. बांधाची भांडणं, भावकीची भांडणं, एक घटस्फोट होता होता मिटला. नानांचा हातखंडाच होता. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजायचे आणि चहा संपेपर्यंत कुणालाच बोलू द्यायचे नाहीत. एके दिवशी त्या पोराची माय आली. चावडीच्या पायरीखाली उभी राहिली. म्हणाली, "बोरिंगच्या पान्यानं माह्या पोराचे पाय वाकले. मले दुसरं पानी द्या."

चावडीत सात माणसं होती. सातांपैकी निदान चौघांच्या घरात त्या पहाटे विहिरीचं पाणी आलेलं होतं. मी मोजत होतो.

"कोनं सांगतलं तुले?" नानांनी विचारलं.

"कोनं नाही. पायते ना मी. आमचे बुढे उभे चालते, पोट्टे वाकडे."

नाना गप्प झाले. अख्खे फिरले आणि माझ्याकडं पाहिलं. मग मृदूपणे म्हणाले, पोराला कमजोरी आहे, त्याला दूध पाजत जा. आणि खिशातून वीस रुपये काढून दिले. ते पैसे त्यांनी वाईट मनानं दिले नव्हते. मी रजिस्टरात लिहिलं: 'गैरसमजातून आलेली तक्रार. समजूत घातली. तंटा मिटला.' खाली तिचा अंगठा घेतला. त्या वर्षी आमचे शंभर टक्के तंटे मिटले आणि बक्षीस आलं. बक्षिसातून कमान झाली.

*

माझी पोरगी विशीत आली. दारव्ह्याकडचं स्थळ आलं. पाहुणे बसले, पोहे झाले, पोरगी आली. मुलाच्या आत्यानं दोन-चार प्रश्न विचारले आणि मध्येच काहीतरी गंमत केली. पोरगी खळखळून हसली. तोंड मिटून नाही. वर्ध्यात वाढलेली, तिला ती खोड नव्हती. दात पाहून पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही ऐकलं होतं काहीबाही या भागाबद्दल. लोक काही बोलते."

जमलं.

निघताना ते मला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. सरळ माणूस, चेहऱ्यावर लेकीच्या बापाची काळजी. म्हणाले, "तुमच्या नानाच्या नातवासाठी माह्या लहान पोरीचा विषय निघाला हाये. पोरगा पाहिला, चांगला हाये. पन तुमी पान्यातलेच मानूस, सोयरे होऊन रायले. पानी कसं हाये तुमच्या गावचं? खरं सांगा."

नानांच्या नातवाचे दात नागपुरात कोटिंग करून आणलेले होते. मला माहीत होतं. आत माझी पोरगी कपबशा आवरत होती. पाणी वाईट म्हटलं तर तो विचारील, मग तुमची पोरगी कशी? आणि मग सगळंच उलगडत जाईल, माझ्या अंगणातून सव्वीस अंगणांपर्यंत.

"गोड हाये," मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

त्यांची पोरगी सून होऊन गावात आली. हसरी. पहिले काही महिने बायका तिच्याकडं बघत राहायच्या, आणि मग हळूहळू तीही पदर तोंडाशी धरून बोलू लागली. तिला कुणी शिकवलं नाही. सगळ्या तसंच करतात म्हणून. तिच्या शुभ्र दातांवर पदर बघितला की मला वहीत सही करवत नसे.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. यंदा कार्तिकात उष्टावण झालं, नानांनी गावजेवण दिलं. नाना आता ऐंशीच्या पुढं आहेत. कमरेतून काटकोन झालाय. ताठ मानेचा माणूस जमिनीकडं बघत चालतो. नानांच्या बायकोला झाकण उचलवत नाही. नातसून आल्यावर सांगेन, पणती झाल्यावर सांगेन, असं करत तिचं सांगणं राहून गेलं होतं. आपल्या नातसुनेला सांगायचं म्हणजे तिच्या बापाला फसवलं हेही सांगायचं.

उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट नव्हती, टाकी भरली नव्हती. सगळ्या बायका खालच्या बोरिंगवर. मी पावडरचा डबा घेऊन निघालो होतो. ती लेकरू कडेवर घेऊन रांगेत उभी होती, मला पाहून पुढं आली.

"काका, आता हिले वरचं पाणी सुरू करायचं हाये. आई म्हणते उकळून दे. मी वीस मिनिटं उकळत जाऊ की अर्धा तास?"

तिच्या बापाचे डोळे होते. तसेच, खरं सांगा म्हणणारे.

लेकरानं माझ्या डब्यावर हात मारला. वरच्या हिरडीवर दोन दाणे दिसत होते.

"उकळू नोको," मी म्हणालो. मग आवाज मोठा झाला असावा, कारण दांडा हापसणारी थांबली. "हे पानी लेकराले देऊच नोको. उकळून वाईटच होते. यात फ्लोराईड हाये, लई वर्सापासून हाये, मले मालूम हाये. चावडीमागच्या विहिरीचं पानी दे. म्या त्यात पावडर टाकत असतो. होळीपर्यंत पुरते."

कुणी काही बोललं नाही. दूर कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता. मग पाटलाघरची सून खाली बघत म्हणाली, "मले मालूम होतं." तिच्या मागची म्हणाली, मलेही. मग शिक्षकांची बायको. माझी बायको रांगेत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली. दोघीतिघी चक्क हसू लागल्या. रडू यायच्या आधीचं असतं तसलं हसू, तोंड उघडं, रेघांचे दात उन्हात, आणि पहिल्यांदाच कुणी पदर धरला नाही. "तू कोनत्या टायमाले येत होती?" "तीनले." "मी साडेतीनले!" वीस वर्षांचं ओझं भसकन खाली पडावं तसं झालं होतं. नानांची नातसून एकेकीच्या तोंडाकडं बघत होती आणि लेकराला छातीशी आवळत होती.

दांडा धरून उभी होती ती पोडावरची बाई. त्या पोराची माय. नंबर तिचा होता. पोरगा आता बाप्या झालाय, काठी टेकत तिच्या मागं आला होता, गुंड उचलायला. ती हसली नव्हती.

"तुमाले समद्याईले मालूम होतं," ती म्हणाली. विचारत नव्हती, मोजत होती. मग माझ्याकडं वळली.

"म्या चावडीत आली होती. तुमी लिवून रायले होते. माहा आंगठा घेतला तुमी."

मी हो म्हटलं.

"त्या दिवशी मालूम होतं?"

तिचा गुंड गळ्यापर्यंत भरला होता. तिनं तो ओतलाही नाही आणि उचललाही नाही. बोरिंगचा दांडा वरच राहिला होता आणि तिचा हात त्यावर.